वरची ओळ मामांची

"माझं नाव लिव्हा आदी," असं म्हणत मामा शर्टाच्या खिशातलं पेन काढून समोरच्याच्या हातात द्यायचे. रक्तदान असो, रविवारचा ओव्हरटाइम असो की कुणाच्या लग्नाचा आहेर, कागद निघाला की वरची ओळ मामांची. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तळेगाव ढमढेऱ्याहून रांजणगावला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मामांनी लिहिलं की बाकीचे डोळे झाकून लिहायचे.

नाताळात त्यांच्या घरच्या करंज्या बसभर फिरायच्या. "डबा भरलेला परत न्यायचा न्हाई, घरी बोलणी बसत्यात," असा दम असायचा.

या मामांना कुणीतरी मोबाइलमधलं नाणं दाखवलं. हाताला न लागणारं, पण रोज वाढणारं. मामांनी आधी स्वतःचे पैसे घातले, मग आम्हाला सांगितलं. मीही घातले. माणूस जोडला की मामांना कमिशन मिळायचं. तेही त्यांनी लपवलं नाही, त्याचे वडापाव आम्हीच खाल्ले.

एका सकाळी त्या नाण्याचं ॲप उघडेनासं झालं.

शिरूरच्या पोलीस ठाण्यात आम्ही दहाबारा जण गेलो. मामांना मुद्दामच सांगितलं नाही. साहेबांनी नीट समजावलं. नाणी एका एक्स्चेंजच्या, म्हणजे अशा नाण्यांच्या बाजारातल्या, खात्यात गेलेली दिसत होती. खातं गोठवायचं पत्र पाठवता येईल, पण आधी गुन्हा दाखल व्हायला हवा.

"तुम्हाला यात आणलं कुणी? कमिशन घेणाराही आरोपी होतो. ते नाव फिर्यादीत द्या. उशीर केला तर नाणी पुढं सरकतील."

"आठवत न्हाई, साहेब," एकजण म्हणाला. आम्हा सगळ्यांनाच एकदम विसर पडला होता. साहेबांनी उद्या आठवून या म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये हे मामांच्या कानावर गेलंच.

"म्हंजी माझ्यापायी पत्र अडलंय व्हय?" मामांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याही आधी ठाण्यात हजर होते. त्यांनी खिशातलं पेन काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"माझं नाव लिव्हा आदी. ह्यांना मीच सांगितलं."

"मामा, तुम्हीपण फसलाय ना?" मी मध्येच म्हणालो.

"फसलोय की. पर कमिशन बी मीच घेतलंय. पत्र तेवढं आज जाऊ द्या, साहेब."

मला तिथंच रडू आलं.

पत्र गेलं. काही नाणी गोठली, बरीचशी निसटली होती. गोठलेली मिळायला कोर्टाचा आदेश लागतो, आणि तारखा पडतायत. मामांना जामीन मिळाला, पण नोकरी गेली. आता ते दौंडकडं, भांडगावला बहिणीकडं असतात. आमच्यातले काहीजण अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. मुलीच्या लग्नाचे पैसे गेलेल्या माणसाला मी तरी काय सांगणार?

परवा बसमध्ये रक्तदानाचा कागद फिरला. माझ्याकडं आला तेव्हा नावं दोन नंबरपासून सुरू होती. न बोलणाऱ्यांचीही होती.

"ही वरची ओळ का सोडली?" नव्या सुपरवायझरनं विचारलं.

मी खाली माझं नाव लिहिलं आणि कागद मागच्या सीटवर दिला.