काजूचा ताप बघणारा

सिंधुदुर्ग जिल्हा नवा झाला, त्या सुमाराची गोष्ट. काजूबीचा ओलावा मोजायचं यंत्र विकायला एक तरुण कट्टा गावाहून चालत आमच्या दारात आला. लांब सळई, तिला तारेने जोडलेली डबी आणि डबीवर काटा. आमचं वर्षाचं उत्पन्न माजघरात पोत्यांत रचलेलं होतं. पावसात भाव चढला की विकायचं होतं.

"यंत्र घेणार नाही," मी आधीच सांगितलं.

"नका घेऊ. बघू तरी द्या."

पोत्यात खुपसण्याआधी दर वेळी तो सळई रुमालाने पुसायचा. सासूबाई हसल्या, "काजींक ताप इलो काय रे झिला?" वरच्या पोत्यातल्या मूठभर बिया त्यांनी खुळखुळवल्या. "बघ, सुकी आसा."

वरच्या पोत्यांत काटा जेमतेम हलला. तळच्या पोत्यांत मात्र तो पार पलीकडे गेला. त्याने वाकून जमिनीला तळवा लावला.

"कधी सारवली?"

"पोती ठेवायच्या आदल्या दिवशी. स्वच्छ नको?"

"स्वच्छ आहे हो. पण वरून सुकली, आतून नाही. अशीच ठेवलीत तर बुरशी येईल."

त्यानेच आमच्याबरोबर पोती अंगणात ओढली, बी उन्हात पसरली आणि यंत्राचा विषयही न काढता तो पुढच्या घरी गेला. त्या वर्षी आमची बी वाचली ती त्याच्यामुळे. पुन्हा तो कधी दिसला नाही.

आता पोत्यांखाली आधी फळ्या घालते. तरी सासूबाई दरवर्षी विचारतात, "त्या ताप बघणाऱ्याच्यो फळयो घातलंस मां गो?"