फौजदार सिस्टरांच्या घरचं बाळंतपण

आमच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात एक सिस्टर होत्या. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, कारण सांगून कुणाला ओळख पटायची नाही. त्यांच्या नवऱ्यालासुद्धा लोक मरेपर्यंत ‘फौजदार सिस्टरांचे मिस्टर’ म्हणूनच ओळखत होते. मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. समोरच त्यांच्या वॉर्डाचं दार आणि दाराबाहेर एक लाकडी बाकडं. पंचवीस वर्षांत त्या बाकड्यावर मी इतक्या सासवा बसलेल्या पाहिल्या, की नुसत्या पाठीवरून मला सांगता यायचं, पहिलं नातवंड की दुसरं.

या सासवा तिथं आपखुशीने बसत नव्हत्या. आतला प्रकार असा असायचा. बाळ छातीला लागत नाही. खाटेभोवती सासू, आई, मावशी, नणंद आणि सहज आलेली एक शेजारीण. एक म्हणते दूध पातळ आहे, दुसरी म्हणते दूधच नाही, तिसरी सांगते की तिच्या वेळी असलं काही नव्हतं, पोरं आपापली प्यायची. मधे ती बाळंतीण, दोन दिवस झोप नाही, डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात फौजदार सिस्टर येत आणि शांतपणे म्हणत, “जिला दूध येतं ती, आणि ज्याला प्यायचंय तो. बाकी सगळे बाहेर.”

“अहो, मी आजी आहे त्याची.”

“म्हणजे जन्मभर बघायचंच आहे तुम्हाला. वीस मिनिटं बाहेर बसा, विसरायचा नाही तो.”

दार लागायचं. आत त्या काय जादू करत, याच्या बाहेर फार दंतकथा होत्या. खरं तर फारसं काहीच करत नसत. कोपराखाली उशी द्यायच्या, बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवायच्या, जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावायच्या. आणि एक गोष्ट प्रत्येकीला बजावायच्या, “डोकं मागून रेटायचं नाही. तुझं डोकं कुणी ताटात दाबलं तर जेवशील का तू?” मग स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत राहायच्या. गप्प. ज्यांनी त्यांना वॉर्डाबाहेर बोलताना ऐकलंय त्यांना विचारा, या गप्प बसण्याला जादू म्हणायचं की नाही ते.

तर अशा बाईंच्या एकुलत्या एक लेकीला मुलगी झाली आणि ती बाळाला घेऊन आईकडे राहायला आली. अख्ख्या दवाखान्याने तिचा हेवा केला. पोरीला काही बघायलाच नको, असं जो तो म्हणाला. असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी शिंप्याच्या घरातली फाटकी उशी पाहायला हवी.

पुढचं मला जावयाने सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. माझ्या चष्म्याची दांडी दुरुस्त करता करता तो घरचं सगळं बोलतो, आणि त्यामुळेच माझी दांडी वरचेवर मोडते.

सिस्टरांनी महिन्याची रजा घेतली. घरी येताना वॉर्डातला जादा वजनकाटा मेट्रनला विचारून आणला. भिंतीवर तक्ता लावला. दर दोन तासांनी बाळाला उठवायचं, पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, मधला फरक तक्त्यावर. फरक दहा ग्रॅम आला की सिस्टरांचा चेहरा असा पडे, की लेक तिथंच रडायला लागे. फरक वीस आला तर, “आत्ता कुठे वीस.” दोन खोल्यांचं घर, त्यात आई पुढून वाकून बघतेय, आई मागून हात घालतेय, आई कोपर उचलतेय. आणि ज्या हाताने शेकडो बायकांचे हात बाळांच्या डोक्यावरून बाजूला केले, तोच हात आता नातीचं डोकं मागून रेटत होता. पोर पाठ ताठ करून किंचाळायची. चुकीचं धरल्यामुळे लेकीच्या छातीला चिरा पडल्या होत्या. बाळ जवळ आणलं की तिचे खांदे आधीच कानापर्यंत चढायचे. अशा अंगातून दूध उतरत नाही, हे सिस्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. घरात सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, डॉक्टरांनी वजन केलं. जन्माला दोन किलो नऊशे होतं, आता दोन किलो सातशे. डॉक्टर हळूच म्हणाले, “सोमवारी परत आणा. वाढलं नसेल तर वरचं दूध सुरू करू. त्यात पाप नाही काही.”

पाप नव्हतंच. पण लेकीला अंगावर पाजायचं होतं. दिवस राहिल्यापासून तिने तेवढी एकच इच्छा बोलून दाखवली होती. आता परतताना गाडीत तीच म्हणाली, “आई, सोमवार कशाला? आजच दूधपावडरचा डबा घेऊन जाऊ.”

“माझ्या घरात डबा?” सिस्टर म्हणाल्या. चोरीचा माल घरात ठेवायला सांगितल्यासारखा त्यांचा आवाज होता.

“मग तुझ्या घरात नको. मी माझ्या घरी जाते.”

जावयाने रस्त्याकडे बघण्याचं काम केलं, जे तो उत्तम करतो.

शुक्रवारी त्याची आई आली, म्हणजे सिस्टरांच्या विहीणबाई. शाळेच्या ग्रंथालयात त्यांची नोकरी झालेली, त्यामुळे आवाज कायम पुस्तकांना जाग येऊ नये इतपत. या बाईंविषयी एक गोष्ट मला ठाऊक होती, जी फौजदार सिस्टरांना नव्हती. सहा वर्षांपूर्वी, थोरल्या सुनेच्या बाळंतपणात, त्या माझ्या समोरच्या बाकड्यावर दोन दिवस बसून होत्या. पुढे सोयरीक झाली तेव्हा सिस्टरांनी त्यांना ओळखलं नाही. बाहेर काढणाऱ्याला चेहरे आठवत नाहीत. ज्याला काढलं त्याला सगळं आठवतं.

त्या आत आल्या तेव्हा सून खाटेच्या काठावर वाकून बसलेली, बाळ रडतंय, सिस्टर एका हाताने बाळाचं डोकं धरून उभ्या, आणि जावई कोपऱ्यात पेन्सिल घेऊन.

“वाजले किती?” सिस्टरांनी विचारलं.

“दोनला पाच कमी,” जावई म्हणाला.

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. “विहीणबाई, एक विचारू का?”

“आत्ता नको हो. आत्ता पाजणं चाललंय.”

“चाललंय कुठं, अडलंय की. दूध कुणाला येतं आपल्यात?”

“म्हणजे?”

“नाही, तुमचा नियम होता म्हणून विचारते. मला काही येत नाही, तेव्हा मी निघाले. चला, तुम्हीही. आणि तू रे, ती पेन्सिल ठेव आणि बाहेर हो.”

सिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला, असं जावई सांगतो. तो स्वतः मात्र चपला शोधत होता.

“हे माझं घर आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“तो तर दवाखाना होता. तरी काढलंतच ना मला.”

“मी तिची आई आहे.”

“मीही आजीच होते त्याची. वीस मिनिटांनी विसरला नाही तो मला, तुम्ही म्हणाला होतात तसंच.”

सिस्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान वर केली नाही. “आई, जा ना थोडा वेळ,” एवढंच म्हणाली.

दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सिस्टर तीनदा उठल्या. तिन्ही वेळा विहीणबाईंनी मनगट धरून खाली बसवलं. आतलं रडणं वाढलं, मग तुटक झालं, मग थांबलं.

“उपाशीच झोपली वाटतं,” सिस्टर पुटपुटल्या.

“मग झोपू द्या. आईही झोपेल.”

अर्ध्या तासाने आतून हाक आली, “आई, एक उशी दे.”

सिस्टर उशी घेऊन गेल्या. लेक मागे रेलून पडली होती, खांदे उतरलेले. बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं. कुणी धरलं नव्हतं, कुणी रेटलं नव्हतं. आपलं आपण शोधून ते प्यायला लागलं होतं. जबडा संथ हलत होता, मधेच घोट गिळल्याचा आवाज. सिस्टरांनी उशी लेकीच्या हातात दिली आणि परत आल्या.

“काय झालं?” विहीणबाईंनी विचारलं.

“कोपर थोडं वर हवं होतं.”

“सांगितलंत?”

“नाही.”

“फार दमला असाल. पाणी घ्या.”

पुढचे तीन दिवस वजनकाटा कपाटावर चढला. तक्ता जावयाने घडी करून खिशात घातला. मला दाखवलाय त्याने. विहीणबाई गरम जेवण करून सुनेच्या हाताशी ठेवायच्या आणि खोलीबाहेर जायच्या. सिस्टरांच्या वाट्याला लंगोट आले. शिवाय त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि बाळ बघायला आलेल्या सतरा नातेवाइकांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. फौजदारकी कुठेतरी खर्च व्हायलाच हवी होती. लेकीने हाक मारली की आत जायचं, मागेल ते द्यायचं, परत यायचं. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा जांभईवर भागवलं.

सोमवारी माझी खिडकी सुरू व्हायच्या आत चौघं हजर. केसपेपर मीच काढला, आणि वजनाच्या खोलीत नेऊनही मीच दिला. एरवी ते शिपायाचं काम. पण शिपायाला गोष्ट नीट सांगता येत नाही.

दोन किलो आठशे चाळीस.

डॉक्टरांनी काटा पुन्हा शून्यावर आणून बाळाला परत ठेवलं. तेवढंच. “जन्माचं वजन अजून गाठायचंय, पण चार दिवसांत एवढं म्हणजे उत्तम. वरचं काही नको. अंगावरच चालू ठेवा.” लेक हसली आणि लगेच रडली. मग डॉक्टर सिस्टरांकडे वळले. “तुम्ही घरात असताना मला काळजी नव्हतीच. काय केलंत नेमकं?”

विहीणबाई छताकडे बघायला लागल्या. जावयाने खिशातल्या तक्त्यावर हात ठेवला. लेक बाळाला दुपट्यात गुंडाळत होती, ती थांबली.

सिस्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे.

“मी लंगोट धुतले,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, बाई विनयाने बोलतायत.