भासऱ्यांनी बांधलेली कुत्री

लग्न होऊन अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ वर्षं मी माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोलले नव्हते. बोलले ते कुत्रीवरून.

आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांपुढे उभं राहायचं नसतं. ते अंगणात आले की पदर पुढे ओढून आत जायचं. त्यांना काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, नाही तर पाळण्यातल्या लेकराला. "मोठ्या बाबाले सांग वो माय, चहा झाला." लेकरू झोपलेलं असलं तरी चालतं. हाक मारायला मला त्यांच्यासाठी शब्दसुद्धा नव्हता. मला या रिवाजाचा जाच वाटत नव्हता, कारण मी चार माणसांत तोंड न उघडणारी. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मागच्या बाकावर. पण या रिवाजाचा भासऱ्यांना किती फायदा आहे, ते मला कुत्री आल्यावर कळलं.

आमच्या घरी शेती आणि साठेक मेंढरं. जानेफळच्या बाजूला दिवाळीनंतर मेंढरं शेतात बसवली होती. जाळीचं कुंपण घालून मेंढरं रात्रभर शेतात ठेवतात, त्या कुंपणाला वाघर म्हणतात. दोन रात्रींत लांडग्यांनी वाघर ओलांडून पाच मेंढरं नेली. घरात कुत्रं नव्हतं. सासू म्हणाली, "हिच्या बापाकडची कुत्री मागवा." भासऱ्यांना ते आवडलं नाही, पण मेंढरं गेली होती.

माझा बाप जन्मभर मेंढरांमागे फिरला. त्याच्याकडच्या कुत्र्यांना कोणत्या पुस्तकात नाव आहे की नाही, मला माहीत नाही. आम्ही त्यांना धनगरी कुत्री म्हणतो. लांब पाय, आत गेलेलं पोट, अरुंद तोंड, अंगाला फारशी लव नाही. बाप सांगायचा, ही कुत्री त्याच्या आजीच्या मेंढरांबरोबर आली, आणि तेव्हापासून आईकडून लेकीकडे अशीच चालत आली. मादी पिलू तो कधी विकत नसे, फक्त नात्यात देई. ही कुत्री भुंकते कमी. अनोळखी माणसाकडे जात नाही आणि ओळखीच्या माणसाकडेही फार जात नाही. लाड करून घेत नाही. तिचा जीव मेंढरात असतो, माणसात नाही. वाघराच्या दोन बाजूंना दोन कुत्री बसली की माझा बाप निवांत घोरायचा.

पण ती जन्मतःच तशी नसते, तशी करावी लागते. बापाने पिलू पोत्यात घालून एसटीने आणलं. डोळे नुकतेच उघडले होते. ओसरीत बसून त्याने भासऱ्यांना एकेक गोष्ट सांगितली, मी दाराआडून ऐकत होते.

"पिलू माणसाच्या हाताले लावू नका. दुधाच्या मेंढीपाशी सोडा, कोकरायसोबत वाढू द्या. मेंढीचा वास तिच्या अंगाले लागला पाह्यजे. ज्वारीची भाकर अन् ताक, बस. वाघर लागल्याबिगर खायले टाकू नका. बांधू नका. अन् एक ध्यानात ठेवा, कोकरू मेलं तर खोल गाडा. मेंढराचं रगत तिच्या तोंडाले लागलं, का ते कुत्री गेली."

"हाव," भासरे म्हणाले.

पाच महिने पिलू चांगलं वाढलं. कोकरं त्याच्या अंगावर झोपायची. एक म्हातारी मेंढी त्याला चाटायचीसुद्धा. बापाच्या पद्धतीप्रमाणे आम्ही नाव ठेवलं नव्हतं, जिभेने टकटक केलं की ती यायची.

मग डोणगावहून भासऱ्यांचे सोयरे आले. त्यांनी कुत्रीचं कौतुक केलं. झालं. दुसऱ्या दिवशी कुत्री अंगणात, मोटारसायकलजवळ, साखळीला. गळ्यात लाल पट्टा. नाव ठेवलं टायगर. मादीचं नाव टायगर. आल्यागेल्या माणसापुढे तिला दोन पायांवर उभं करायचं आणि मटणाचा तुकडा वर धरायचा. ती उडी मारायची, लोक हसायचे, भासरे मिशीवर हात फिरवायचे.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दादाले कोन सांगनार? तू सांगतं का?" मी सांगू शकत नाही हे माहीत असून म्हणाला. आपल्या भावापुढे तोही माझ्यासारखाच पदर घेऊन असतो, फक्त त्याचा पदर दिसत नाही.

म्हणून मी कुत्रीला सांगितलं. भासरे बाजेवर बसले होते. मी साखळीपाशी शेण काढत मोठ्याने म्हटलं, "काऊन बसली वो इथं? तुही जागा मेंढरात हाय. माह्या बापानं काय सांगतलं होतं?"

भासऱ्यांनी ऐकलं. सासूकडे पाहून हसले. "माय, आपली लहानी कुत्रीसंगं बोलून राह्यली. दोघी एकाच घरच्या, जमते त्यायचं."

सासूही हसली. मी शेणाची पाटी उचलली आणि गेले. त्या दिवसापासून मला त्यांचा जो राग आला तो आजही आहे. मी तो कमी करायचा प्रयत्न केलेला नाही.

भर उन्हाळ्यात एक कोकरू पोट फुगून मेलं. नवरा खड्डा करायला फावडं घेऊन निघाला. भासरे म्हणाले, "काय खड्डा करतं बे? आन इकडं." आणि त्यांनी ते कोकरू कुत्रीपुढे टाकलं. मी पाणी भरत होते. कुत्री आधी मागे सरली. तिने कोकराला हुंगलं आणि अंग चोरून बसली. हे मी पाहिलं आहे. कोकराच्या वासाबरोबर ती वाढली होती. भासऱ्यांनी मांडीचं मांस सुरीने मोकळं करून तिच्या तोंडाजवळ धरलं. साखळीला बांधलेली, दोन दिवस नीट खायला न मिळालेली. शेवटी तिने खाल्लं. मी हंडा तसाच ठेवून घरात गेले. बोलले नाही. भिंतीलासुद्धा नाही.

पाऊस यायच्या सुमाराला लांडगे पुन्हा दिसू लागले, तेव्हा भासऱ्यांना आठवलं की कुत्री राखणीसाठी आणली होती. तिला सोडलं वाघरात. तिसऱ्या सकाळी एक कोकरू फाडलेलं सापडलं आणि कुत्रीच्या तोंडाला रक्त होतं.

सगळं घर अंगणात जमलं. भासऱ्यांनी शेजाऱ्याचं पिकअप बोलावलं. नवऱ्याला म्हणाले, "जळगाव जामोदच्या तिकडं डोंगरात सोडून येऊ. बिबट्या खाईन नाई तं उपाशी मरन. खोटी जात. हिच्या बापानं खोटी जात आमच्या गळ्यात बांधली."

कुत्रीच्या गळ्यात दोर घातला होता. ती ओढत नव्हती. मेंढरांकडे तोंड करून उभी होती, आणि मेंढरं तिच्यापासून लांब, एका कोपऱ्यात दाटून.

मी दारातून बाहेर आले. अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढला नव्हता. कुत्रीकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं.

"मेलेलं कोकरू तुमीच टाकलं तिच्यापुढं. ते खात नव्हती, तं तोंडाशी धरलं. मी पाह्यलं."

पिकअपवाला गाडीत बसायचं सोडून ऐकू लागला.

भासरे नवऱ्याकडे वळले. "काय म्हन्ते बे हे?"

"त्याले काय इचारता? मी तुमाले बोलून राह्यली. गाडा म्हनून माह्या बापानं सांगतलं होतं, तुमी हाव म्हनले होते. खोटी जात कोनाची?"

सासूने कपाळावर हात मारून घेतला. "अवं, लाज हाय का तुले!" म्हणाली. जाऊ भांडी घासायची थांबली होती. माझा आवाज मला अनोळखी वाटत होता, पण थांबत नव्हता.

"मेंढरात ठेवा म्हनत नाई मी. ते आता मेंढरायची राह्यली नाई. मळ्यात नेते. रोही अन् डुकरं हाकलन. तिची भाकर मी घालीन."

नवऱ्याने माझ्या हातात दोर दिला. तो भावाकडे न बघता दिला, पण दिला. एवढं मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

कुत्री आता वांग्याच्या मळ्यात असते. डुकरांवर आणि रोह्यांवर, म्हणजे नीलगाईंवर, जाते. माझ्यामागे चालते, जे तिच्या जातीने करू नये. संध्याकाळी मेंढरं बांधावरून जातात तेव्हा मला तिची मान धरून बसावं लागतं. ती थरथरते. धावून जायचं असतं की जवळ जायचं असतं, ते मला कळत नाही. तिलाही कळत नसावं. मेंढरं गेली की ती पाठ करून बसते. हे नुकसान भरून येणारं नाही.

घरात मला बेशरम म्हणतात. बापाने ऐकलं आणि सांगून टाकलं, त्या घरी पुन्हा पिलू द्यायचं नाही. म्हणून वाघरापाशी आता भासरे स्वतः काठी घेऊन झोपतात. सकाळी डोळे लाल असतात.

गेल्या आठवड्यात ते मळ्याच्या बांधावर आले. मी वांगी तोडत होते. माझ्याकडे न बघता कुत्रीला म्हणाले, "टायगर, सांग तुह्या मालकिनीले. बापाले फोन कर म्हनाव, एक पिलू पाह्यजे."

कुत्रीने मानसुद्धा वळवली नाही. मी वर बघून म्हटलं, "फोन तुमच्यापाशी बी हाय."

ते बांधावरून परत गेले. मी राहिलेल्या सरीतली वांगी तोडली.