काचेच्या कौलाखालची माशांची पेटी

आमच्या ह्यांची दाढ दुखली नसती तर आमच्या घरात मासे आले नसते. रामनगरात तेव्हा दाताचा डॉक्टर कुठला! सुजलेला गाल घेऊन बेळगावला गेले, दाढ काढून आले आणि येताना डोक्यात एक पेटी घेऊन आले. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत म्हणे काचेची पेटी होती, पेटीत पाणी, पाण्यात झाडं आणि झाडांतून मासे फिरत होते. तोंडात कापसाचा बोळा, बोलता येईना, म्हणून दोन्ही हातांचे मासे करून आम्हाला दाखवत होते. सासूबाई मला म्हणाल्या, "दाढंसंगं आनी काय काय काढलं गं ह्येचं?"

हसले मी, पण मनातून बरंही वाटलं. मामंजी लवकर गेले, तेव्हापासून दुकान आणि शेत दोन्ही ह्यांच्या गळ्यात पडलेलं. मला अमुक एक हवं, असं त्या माणसानं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. हवं झालं ते पहिल्यांदा हेच.

लोहाराकडून पेटीची चौकट करून आणली, खिडकीच्या काचा कापून बसवल्या. पहिल्या दिवशी भरलेलं पाणी माजघरात फिरून उंबऱ्यापर्यंत गेलं. सासूबाई पाय वर घेऊन बसल्या नि म्हणाल्या, "मासं कधी सोडतोस? पानी तर तयार हाय." पुन्हा सांधे बुजवले, तेव्हा कुठं पेटीनं पाणी धरलं. मग ओढ्यातून फितीसारख्या पानांची झाडं आली, बोटाएवढे पट्ट्यांचे मासे आले. आता झाडं लावायची कशात? हे पडले भातशेतीवाले. तळाला खाचरातला चिखल, त्यावर कुजलेलं शेणखत, वर वाळू. "आवं, मासं पाळताय का भाताचं तरू लावताय?" मी विचारलं. "ही पान्यातली शेती हाय," हे म्हणाले, "तुला न्हाई कळायचं."

जागा मात्र अशी निवडली की घरात लढाईच लागली. तेव्हा वीज कुठली, आमच्या माजघरात उजेड यायचा तो छपरातल्या एकुलत्या एक काचेच्या कौलातून. भरदुपारी त्यातून उन्हाचा एक तुकडा खाली पडायचा. त्या तुकड्यात बसून सासूबाई तांदूळ निवडायच्या, लग्न होऊन आल्यापासून. ह्यांनी पेटी नेमकी तिथंच मांडली.

"आव्वा, झाडास्नी ऊन लागतंय."

"मलाबी लागतंय. आनी मी तुज्या झाडांच्या आदी आलीया ह्या घरात."

दोघंही हटेनात. शेवटी सासूबाई पेटीला खेटूनच बसल्या. पेटी ठेंगणी, खाली बसल्यावर तोंड त्यांच्या छातीला येईल एवढं. त्यावर त्यांनी सरळ आपलं सूप ठेवलं. "येवढी जागा खाल्ली हाय, तर ह्येवढा तरी उपेग होऊ दे." हे कुरकुरले, पण आईला उठवणार कोण?

आणि खरं सांगते, पेटी दिसायची मात्र सुंदर. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. दुकानात मीठ घ्यायला आलेला माणूस आधी माजघरात डोकावून जायचा. हे त्याला उभं करून समजावत, "चिखल, खत आनी ऊन. तिन्ही जमलं की झालं. ह्येला अभ्यास लागतो." पेटीवर सूप ठेवून बसलेली आई त्या अभ्यासात कुठंच नसायची.

दिवाळीनंतर नणंदेचं बाळंतपण आलं. सासूबाई खानापूरला निघाल्या. पायात चप्पल घालता घालता लेकाला बजावलं, "मी येईस्तोवर पानी असंच र्‍हायलं तर र्‍हाऊ दे तुजं सोंग. डबक्यावानी हिरवं झालं, की पानी परसात आनी पेटीत माजं तांदूळ. समजलं?"

"काय हुतंय त्येला?" हे म्हणाले.

ह्यांच्या झाडांना आता तरी पोटभर ऊन मिळू दे, म्हणून मी सूप घेऊन बाहेरच्या पायरीवर बसायला लागले. थोड्याच दिवसांत काचेवर हिरवट साय धरली. ह्यांनी नारळाच्या शेंडीनं घासून काढली. ती परत आली. पाणी बदललं, तेही हिरवं झालं. झाडांच्या पानांवर केसांसारखं शेवाळ लोंबायला लागलं. हे गालाला हात लावून बसायचे, पुन्हा दाढ दुखायला लागल्यासारखे. मग शेतकऱ्याची अक्कल चालवली. तण माजलं म्हणजे पीक अशक्त आहे, पिकाला जोर दिला की तण आपसूक मरतं! जोर कसा द्यायचा? शिडी लावून वर चढले आणि शेजारचं एक कौल काढून तिथंही काचेचं बसवलं.

दोन कौलांचं ऊन मिळाल्यावर काय विचारता! पाणी हिरव्या मुगाच्या कढणासारखं झालं. मासे आहेत की गेले तेही कळेना, काचेला नाक लावावं तेव्हा एखादं शेपूट दिसायचं. दुकानात कुणी पेटीची चौकशी केली की हे गुळाचा भाव सांगायला लागायचे. एका दुपारी मला हळूच म्हणाले, "आव्वा आली की ओतनारच गं ती." त्यांचा चेहरा बघून मला हसू येईना.

मी विचार करायला लागले. चिखल तोच, खत तेच, ओढ्याचं पाणी तेच, पाणी नितळ होतं तेव्हा कौलही होतंच. मग घरातलं कमी काय झालं? कमी झाली होती एकच वस्तू, आमच्या सासूबाई!

"आवं," मी म्हटलं, "आत्तींचं सूप पडायचं पेटीवर. ऐन उन्हाच्या वक्ताला. शेवाळाला ऊनच घावत नव्हतं."

"म्हंजे? सुपानं पानी निवळ र्‍हात हुतं? माजा अभ्यास कुटं गेला मग?"

"तो गेला शेवाळाच्या पोटात."

रागावून दुकानात गेले. घटकेनं मी पाणी प्यायला आत येते तर हे पेटीवर सूप ठेवून, बाजूला मांडी घालून बसलेले. मला बघितल्यावर म्हणाले, "मांजर येतंय, म्हनून झाकलंय."

नवं कौल त्याच दिवशी उतरलं. पाण्याचा रंग उतरत चालला, पण पुरता उतरायच्या आत सासूबाई दारात. हातपाय धुवायच्या आधी माजघरात गेल्या. पाणी अजून कोथिंबीर वाटून घातलेल्या ताकासारखं. हे पेटीच्या पुढं आडवे उभे राहिले.

"सरक."

"आव्वा, तू गेलीस आनी झालं बघ हे. तू बसायचीस, तुजं सूप पडायचं, म्हनून निवळ हुतं. माजं कायबी न्हवतं त्येच्यात." एवढं एका दमात बोलून टाकलं, तेही शेजारीण दारात उभी असताना.

सासूबाईंनी आधी पेटीकडं बघितलं, मग लेकाकडं. मग पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "म्हंजे येवढं दीस मी बसून शेती केली, आनी पाटीलकी ह्येची!"

पेटी राहिली. पण फुकट नव्हे. माघात उळवीच्या जत्रेला जायला गाडी जुंपली, तेव्हा सासूबाईंनी तांदळाचं पोतं ओढून पेटीशेजारी ठेवलं आणि ह्यांच्या हातात सूप दिलं. "आमी बायका जत्रंला जातोय. ऊन आलं की बसायचं. आनी नुसतं सूप धरून बसू नकोस, निवड."

"दुकान कोन बघनार?"

"गिऱ्हाइकास्नी हितंच बलीव. तुजा अभ्यास बगू देत."

आम्ही चार-पाच दिवसांनी परत आलो. सगळ्या रामनगरानं ह्यांना तांदूळ निवडताना बघितलं होतं, गल्लीतल्या बायका तर रांगेनं येऊन गेल्या होत्या. सासूबाईंनी आधी पेटीत वाकून बघितलं. पाणी नितळ, मासे झाडांतून फिरत होते. मग निवडलेल्या तांदळातली एक मूठ त्यांनी तळहातावर पसरली, बोटानं खडे बाजूला करत गेल्या.

"मासं बरं हाईत," त्या म्हणाल्या. "तांदूळ न्हाईत. बस परत."