बिल्डरच्या तोंडून मानपत्र

सूड उगवायला मला एक कागद पुरला. त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

ज्यांचा सत्कार होता त्या ताई आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, बिर्ला नगरात राहतात. बुंदेलखंडातून, छत्तीसगडमधून पोटासाठी आलेल्या बांधकाम मजुरांच्या बाजूने त्या वर्षानुवर्षं भांडतायत. ऊन दरसाल वाढतंय आणि त्यात आधी मजूरच मरतो, हे त्यांचं म्हणणं. गेल्या मे महिन्यात सिटी सेंटर भागातल्या एका साइटवर त्यांनी ताडपत्रीची सावली केली, पाण्याचे माठ ठेवले आणि दुपारी बारा ते चार काम बंद ठेवायची मागणी लावून धरली. बिल्डरने ताडपत्री फाडली, माठ फोडले. दुसऱ्या दिवशी विटा वाहणारी एक बाई उन्हात कोसळली, ती उठलीच नाही.

आणि आमच्या मराठी मंडळाने ताईंच्या सत्काराला प्रमुख पाहुणा म्हणून त्याच बिल्डरला बोलावलं! का, तर आपलाच मराठी माणूस, शिवाय हॉलही त्याचाच. माझं डोकंच फिरलं.

मंडळात मानपत्र लिहायचं काम माझं, आणि वाचायचा मान पाहुण्याचा. आधी कुणी नजरसुद्धा टाकत नाही. मास्तरीणबाईंचं मराठी, त्यात काय बघायचं! बिल्डर घरीदारी हिंदीच बोलतो. मराठी खडाखडा वाचतो, पण अर्थ डोक्यात शिरायला त्याला वेळ लागतो. मी मुद्दाम लांबलचक, भरजरी वाक्यं रचली.

तो ऐटीत वाचू लागला. "आपण श्रमिकांसाठी उभारलेले छायेचे आच्छादन विदीर्ण करण्याचे व जलकुंभ भग्न करण्याचे पातक मजकडून घडले, तरी उद्यापासून माध्यान्ही बारा ते चार काम बंद ठेवण्याचे वचन मी या सभेसमक्ष देत आहे."

मागच्या रांगांत ताईंचे मजूर होते; बाकी मराठी कळो न कळो, 'बारा ते चार काम बंद' एवढं त्यांना बरोबर कळलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. बिल्डरचा चेहरा पार उतरला.

"ये क्या लिख दिया आपने?" तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला.

"जे केलंत तेच," मी म्हणाले. इतकं गोड मला कधीच काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला काम थांबलं. चारचौघांत दिलेला शब्द त्याला गिळता येईना. ताडपत्री बांधताना मी ताईंना दोरी धरून देत होते.

"चांगलीच जिरवलीस त्याची," गाठ आवळत त्या म्हणाल्या. "पण त्या बाईचं नाव का नाही घातलंस?"

मला ते ठाऊकच नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.