गफ्फार सरांचा बेसबॉल

मागच्या महिन्यात अकोल्याला गेले होते, एक जुना बेसबॉल बघायला. त्या दिवशी मी जे केलं ते लिहायला मन धजत नव्हतं... पण तुमच्यापैकी बरेच जण मला 'एक्स्पर्ट' समजून वस्तूंचे फोटो पाठवतात, म्हणून तुम्हाला कळायला हवं.

अमरावतीला कॉलेजात बेसबॉल खेळायचे, तेव्हापासूनचा हा नाद. जुने ग्लोव्ह्ज, टोप्या, सह्या केलेले बॉल... भंगारात, बाजारात, ऑनलाइन, जमेल तितक्या स्वस्तात. सुरुवातीला भरपूर फसले. 'खूप जुना' म्हणून घेतलेला एक बॉल घरी येऊन हुंगला तर चक्क चहाचा वास! चहात बुडवून पिवळा केला होता.

मग हळूहळू नजर बसली. नकली बॉल सगळीकडे सारखाच पिवळा असतो, अगदी टाक्यांच्या आतही. नवी शाई चामड्यावर चकाकते, जुनी आत मुरून तपकिरी पडते. आणि सगळ्या सह्या एकाच हाताच्या असतील तर वळणावरून लगेच कळतं.

तर अकोल्याहून रुबिना नावाच्या एका वाचक मुलीचा फोन आला. तिचे वडील गफ्फार सर शाळेत पीटी शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी गेले. आता आईला ती आपल्याकडे नागपूरला नेणार होती, घर रिकामं करायचं होतं, म्हणून सरांचा एक जुना बॉल विकायचा विचार होता.

मी घरी गेले तेव्हा तिच्या आईने, शमीम चाचींनी, मऊ फडक्यातून बॉल काढला. सर तरुण असताना एका शिबिरात परदेशी टीम आली होती. सरांनी आठवडाभर त्यांचं सामान वाहिलं, त्यांच्याबरोबर खेळले, आणि निघताना सगळ्यांनी सह्या करून हा बॉल त्यांना दिला. दर ईदला पाहुण्यांना तो दाखवला जायचा...

बॉल हातात घेताच मला कळलं, अस्सल आहे. शाई मुरलेली, प्रत्येक सही वेगळ्या हाताची. एक सही तर टाक्यावर येऊन अडखळली होती आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली होती.

आणि मी म्हणाले, "चाची, सह्या ओरिजिनल वाटत नाहीत."

भाव पाडायची ही माझी नेहमीची युक्ती. समोरचा वाद घालतो, मग मधे कुठेतरी जमतं. चाचींनी वाद घातलाच नाही. माझ्या हातातून बॉल काढून घेतला.

"मंग त्यायनं सारी उमर आमाले खोटंच सांगतलं का?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं... नाही बोलले. त्यांनी बॉल माझ्या हातात कोंबला. "घेऊन जाय. पैसे नको. घरात नको मले हा."

आणि मी घेतला! परतीच्या बसमध्ये मांडीवर पर्स, पर्समध्ये तो बॉल. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी येऊन कपाटात ठेवला. फोटोही काढावासा वाटला नाही.

काही दिवसांनी रुबिनाचा पुन्हा फोन. "दीदी, एकदा येता का? अम्मी अब्बांची सगळी सर्टिफिकेटं, मेडल्स काढून बसलीय. म्हणते, त्या पोरीला विचार, यातलं खरं काय आहे..."

कपाटातून बॉल काढून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस धरली.

पलंगावर खरंच सगळं मांडलेलं होतं. मी उभ्यानेच सांगून टाकलं... बॉल खरा आहे, मला तेव्हाच माहीत होतं, स्वस्तात मिळावा म्हणून खोटं बोलले. रुबिना आत निघून गेली. चाचींनी समोरची मेडल्स बाजूला सारली.

"बॉलच पायजे होता तं मागाचा होता. ते असते तं हसत देल्ला असता तुले." मग म्हणाल्या, "नमाज झाल्यावर त्यायच्यासाठी दुआ मांगाले बसली ना मी, तं जबान उचलत नव्हती माह्यी. समजते का तुले?"

मी खाली बघून रडत होते.

त्यांनी शेजारच्या दोघींना हाक मारली. बॉल खोटा निघाल्याचं चाचींनी त्यांच्याजवळ बोलून दाखवलं होतं. "यायच्यासमोर सांग आता." सांगितलं, पहिल्यापासून, माझ्या खोट्यासकट. मग बॉल फिरवत एकेक सही दाखवली. टाक्यावर अडखळलेल्या सहीवरून चाचींनी बोट फिरवलं, आणि तो फडक्यात गुंडाळून आपल्या उशीखाली ठेवला.

माफ केलं का, ते मी विचारलं नाही. निघताना दारात म्हणाल्या, "पोचली का फोन कर."

केला. "बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

एवढी काळजीही माझ्या वाट्याला यायला नको होती, तरी त्यांनी केली. आभार कसे मानायचे, कळत नाही...