माधवरावांचा हवेचा चिमटा

माधवराव पोतनीस जन्मात कधी बग्गीत बसले नाहीत आणि सायकलवरही नाहीत. पण दोन्हींविषयीची त्यांची मतं त्यांच्या दाना ओली मोहल्ल्यात कुणालाही न मागता मिळत.

संस्थान होतं तोवर ते बग्गीखान्यात कारकून होते. तिथली एक रीत होती. दुरुस्त झालेली बग्गी बाहेर काढण्यापूर्वी तिच्या गादीवर काठोकाठ भरलेलं चांदीचं भांडं ठेवायचं आणि बग्गी आवारात फिरवायची. पाणी सांडलं नाही, म्हणजे स्प्रिंगा ठीक. माणूस बसवून पाहायचा नाही, कारण धन्याच्या गादीवर चाकरानं बसायचं नसतं. ते भांडं भरण्याचं काम माधवरावांकडे होतं. बग्गीतलं तेवढंच त्यांना ठाऊक, पण बोलायला लागले की साऱ्या बग्ग्या जणू त्यांनीच घडवल्या होत्या.

पुढे संस्थान मध्य भारतात विलीन झालं, बग्गीखाना बंद पडला आणि माधवरावांना मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल मिळालं. आता मध्य भारतही मोडीत निघत होता. कचेऱ्यांची कपाटं नव्या राजधानीत, भोपाळला रवाना होत होती. बरोबरीचे लोक बदलीच्या, बिऱ्हाडाच्या विवंचनेत होते. माधवरावांनी जाहीर केलं, "मी भोपाळला जाणार नाही," रजा टाकली आणि शोध लावायला बसले.

शोधासाठी त्यांनी घेतली ती मुलीची सायकल. पद्मा मुरारच्या कन्याशाळेत तात्पुरती शिक्षिका होती. सोमवारी तपासनीस तिचा पाठ पाहायला येणार होते आणि त्यावर तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. माधवराव टेबल सोडून बसलेले, तेव्हा घर चालणार होतं ते याच नोकरीवर. तिच्या आईला, शरयूला, त्या सोमवारशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. पोरगी शिंकली तरी तिचा जीव वरखाली होई. आणि नेमका याच आठवड्यात नवऱ्यानं पोरीची सायकल उघडून ठेवली होती.

सायकलच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन दांड्यांना दुकानदार चिमटा म्हणतात. मुरारच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचे दणके या चिमट्यातून हातांना बसतात, हे माधवरावांनी कुठूनसं ऐकलं. त्यांनी मूळचा चिमटा काढून खाटेखाली ठेवला आणि भंगारातून आणलेल्या दुसऱ्या चिमट्यात आधी बग्गीच्या गादीतल्या स्प्रिंगा घातल्या. सायकल गल्लीतून निघाली की करकरण्यानं कुत्री मागे लागत. मग त्यांना हवा सुचली. चिमट्याचे पाय कापून त्यात हवा भरायच्या दोन पंपांच्या नळ्या बसवल्या, चामड्याच्या वायसरांना एरंडेल चोपडलं आणि वर ट्यूबमध्ये हवा भरायचा वॉल डाखून घेतला. आता चाक हवेवर तरंगणार होतं. तरंगेल किती, ते हवा कमीजास्त करून ठरवायचं होतं. ते त्यांनी कसं ठरवलं असेल? सीटवर देवघरातलं चांदीचं भांडं काठोकाठ भरून ठेवलं, हँडल धरून सायकल उंबरठ्यावरून खाली उतरवली, पाणी हिंदकळलं की थोडी हवा सोडली, परत उतरवली. दोन दिवस घरात चिखल. शेवटी पाणी सांडेना, तेव्हा त्यांनी लग्नातला कोट अंगावर चढवला.

शरयू कॉलेजात शिकलेली होती. माहेरी भावाची सायकल ती सर्रास चालवायची. तिनं हँडलवर दोन्ही हातांनी भार दिला. चिमटा लोण्यात सुरी शिरावी तसा खाली गेला.

"अहो, हा तर बसतोय. माणूस बसल्यावर काय होईल?"

"मऊ आहे. मऊच पाहिजे."

"आणि ब्रेक दाबला की? सगळा भार पुढे येतो."

"बग्गीला कोण ब्रेक लावतं?"

"ही बग्गी नाहीये हो! तुम्ही एकदा तरी बसून बघितलंत का?"

माधवरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना ताशा वाजवायला सांगितलं होतं. "बग्गीखान्यातला माणूस बसत नसतो, शरयू. तो बसवतो."

दुसऱ्याच्या हाडांवर शोध लावणाऱ्या या माणसाबरोबर आपण इतकी वर्षं संसार केला, हे शरयूला नवं नव्हतं. पण या वेळी हाडं पद्माची होती.

जुना चिमटा परत बसवा, असं ती रोज सांगत राहिली. माधवराव म्हणायचे, रविवारी महिपतराव येऊन पाहतील, मग बोल. महिपतराव हे त्यांचे बग्गीखान्यातले जुने स्नेही. कुठल्याशा सायकल कारखान्याच्या मालकाशी आपली ऊठबस आहे असं ते सांगत. खरं कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी सगळे पडावच्या पुलावर गेले. रेल्वेवरून जाणारा तो पूल, त्याचा मुरारकडचा उतार चांगला लांब. माधवरावांनी हँडलपुढच्या टोपलीत भांडं बसवलं, काठोकाठ भरलं आणि पद्माला म्हणाले, "चल."

"बाबा, मुझे ठीक नहीं लग रहा. हँडल असं हलतंय बघा."

"बैठ जा बेटी," महिपतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पोतनीसजी का काम है, मामूली थोड़े ही है."

पद्मानं मुकाट्यानं पॅडलवर पाय ठेवला. लहानपणापासून तिला बाबांचं ऐकायची हीच सवय लागली होती; ती आपणही मोडली नाही म्हणून शरयूला नवऱ्याइतकाच स्वतःचाही राग आला.

"उतर," शरयू म्हणाली.

"आई, कशाला..."

"उतर म्हणते ना!"

तिनं पदर खोचला आणि सायकलवर बसली. माधवराव ओरडले, "अगं, पाणी सांडेल!" एवढंच.

उतारावर सायकल खरोखर छान गेली. चाक खड्ड्यातून गेलं तरी हातांना काही कळलं नाही. क्षणभर शरयूला वाटलं, आपलंच चुकलं. तेवढ्यात खाली एक टांगा आडवा वळला. तिनं ब्रेक दाबला. चिमटा पुढे वाकून पार तळाला बसला, मागचं चाक उचललं आणि ती हँडलवरून रस्त्यावर जाऊन पडली.

"अरे अम्मा! घोड़ा किधर गया?" टांगेवाला हसला, पण तिचं मनगट पाहताच टांग्यातून खाली उतरला.

पद्मा धावत आली. माधवरावही धावत आले, पण मध्येच थांबले. वाकून रस्त्याकडे पाहू लागले. कोरड्या डांबरावर ओला डाग कुठून सुरू होतो ते त्यांना हवं होतं.

"महिपतराव, इकडे या!" त्यांचा चेहरा उजळला होता. "ब्रेक लावेपर्यंत थेंब नाही सांडला! बघा, थेंब नाही!"

महिपतरावांना तेवढ्यात सराफ्यात कुणाला तरी भेटायचं आठवलं.

शरयूचा उजवा हात सुजून लाकडासारखा झाला होता. टांगेवाल्यानं तिला वर चढवलं. पद्मा रडत होती. शरयूनं डाव्या हातानं तिचं मनगट चाचपलं, बोटं एकेक वाकवून पाहिली. सगळी धड होती.

"रडू नको. खाटेखाली जुना चिमटा आहे. मला घरी सोड, आणि सायकल आली की तो टोपी बाजारातल्या दुकानात नेऊन बसवून घे. उद्या शाळेत वेळेवर पोचायचंय."

"आणि बाबा?"

शरयूनं मागे वळून पाहिलं. माधवराव पुलाच्या पायथ्याशी उकिडवे बसून, पोचा आलेलं भांडं कोटाच्या बाहीनं पुसत होते.

"येतील सायकल ढकलत चालत," ती म्हणाली. "त्यांना कुठे सायकल येते?"